ताई, हात पुन्हा धुवा

हे मी आजवर कुणाला बोलले न्हाय. आईला न्हाय, आप्पाला न्हाय. देवळात गेले तरी देवाला न्हाय — त्याच्यापुढं हात जोडायचे, बाळंतिणींचं बरं कर म्हणायचं आणि माघारी यायचं. तुमचं माझं नातं न्हाय, गोतं न्हाय, म्हणूनच असंल, आज जीभ सैल झालीया. ऐका. पण मधी थांबवू नका. एकदा थांबले की मी परत सुरू करायची न्हाय. मला माझी ओळख हाय.

आणि हे मी शुद्ध बोलून सांगणार न्हाय. क्लासात एवढी वर्षं पोरींना 'आहे' आणि 'नाही' करून शिकवलं. पण शुद्ध बोलायला लागले की माझ्या तोंडातनं खोटंच येतं — का येतं ते कळंल तुम्हाला पुढं. म्हणून हे आमच्या उचगावच्या बोलीत.

मी सुईण. शिकलेली, सर्टिफिकेटाची. बेळगावात, शहापुरात, पार निपाणीपर्यंत बायका म्हणतात, रखमाबाईच्या हाताला यश हाय. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला का हात लावता येतो?

मानमोडीच्या तापात माझा नवरा गेला, तेव्हा मी अजून परकरातनं लुगड्यात नीट आले न्हवते. आप्पा शहापुरात दूध घालायला जायचा. तिथं एका डॉक्टरीणबाईंनी सुईणींचा क्लास काढलता. त्यांच्या दारात दूध घालता घालता हा रडला असंल. त्या म्हणाल्या, पोरीला धाडून दे. मी मराठी चौथी झालेली. गेले.

पहिल्या दिवशी काय शिकवलं म्हणाल? हात धुवायला. हसू नका — मीही हसलते. हात धुवायला काय शिकायचं? पण बघा, आपल्यात बाळंतपण म्हंजे विटाळ. सुईण काय, शेजारीण काय, सगळ्या बाळंतपण उरकलं की डोक्यावरनं पाणी घेणार, लुगडं भिजवणार. धुवायचं ते सगळं नंतर. डॉक्टरीणबाईंचं उलटंच. त्या म्हणायच्या, आधी धुवा. नखं काढा, ब्रशानं घासा, साबण, उकळलेलं पाणी, मग कार्बोलिकचं पाणी. आणि मग कशाला शिवायचं न्हाय, आपल्या पदराला सुद्धा न्हाय. नंतर धुता ते तुमच्यासाठी, बाळंतिणीला त्याचा काय उपयोग? एवढी साधी गोष्ट. पण ती आम्हा बायकांच्या डोक्यात शिरायला लई दिवस लागले. जन्मभर उलटं बघितलेलं.

त्यांची आणखी एक पद्धत होती. पुढं गेलेलीनं मागनं आलेलीला शिकवायचं. जोड्या लावून द्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मी सांगितलं की तुम्ही नुसत्या माना हलवता, एकमेकींशी भांडाल तेव्हा शिकाल. दुसऱ्या वर्षाला माझ्या जोडीला आल्या उमाताई.

उमाताई म्हंजे बेळगावातल्या एका वकिलाची बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, भावाच्या घरी चूल सांभाळून राहिलेल्या. भाऊ सभेत विधवांच्या शिक्षणावर लई बोलायचा, मग कुणीतरी विचारलं असंल, तुमच्या घरच्या विधवेचं काय — म्हणून त्यांना क्लासात घातलतं. त्यांची इच्छा कुणी विचारली न्हवती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सगळी स्तोत्रं तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. आणि जीभ? कातरी! त्यांनी मला नाव ठेवलं गुरुमाउली. "या गुरुमाउली, आज कुठलं बोट धुवायचं?" की सगळा क्लास हसणार. मीही हसणार. का हसले मी? आज वाटतं, तिथंच माझी पहिली पायरी घसरली. ज्याला शिकवायचं त्याच्याबरोबर स्वतःवरच हसायचं न्हाय.

डॉक्टरीणबाईंच्या ते ध्यानात आलं. एकदा मला एकटीला बसवून घेतलं. तिला भितेस का, म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी मला बोलायला शिकवलं. व्हय, बोलायला. चढ्या आवाजात बोलायचं न्हाय आणि रडव्याही न्हाय. डोळ्यांकडं बघायचं, नाव घ्यायचं, काय करायचं ते एका वाक्यात सांगायचं आणि थांबायचं. हसायचं न्हाय. माफी मागायची न्हाय. समोरची काही बोलली तरी तेच वाक्य परत. आणि मग स्वतः पदर घट्ट घेऊन, नाक वर करून, उमाताई होऊन माझ्यापुढं बसल्या — हुबेहूब! मी पोट धरून हसले. हसून झाल्यावर म्हणाल्या, आता म्हण. मी म्हटलं, "ताई, हात पुन्हा धुवा." परत म्हण. "ताई, हात पुन्हा धुवा." त्या खोलीत लई झकास जमलं मला. लुटूपुटूच्या लढाईत कोण शूर न्हाय?

एकदा खरंच बोलले. क्लासातच. उमाताईंनी हात धुतले आणि पदर सावरला. मी ते वाक्य म्हटलं. अगदी शिकवल्यासारखं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "रखमा, मी पहाटे गार पाण्यानं न्हाते, ओलेत्यानं पूजा करते. तुमच्या घरी कोंबड्या चुलीपाशी हिंडतात. तू मला घाणेरडी म्हणतेस?" — ह्यालाही मी तयार होते हो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलतं, तेच वाक्य परत. पण उमाताई रडायला लागल्या. एवढी तिखट बाई, तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. म्हणाल्या, घरी सगळ्यांना मी अपशकुनी, आणि इथं येऊन हिलाही माझा विटाळ! आता काय बोलणार? कुठलं वाक्य परत म्हणणार?

मग काय, सगळ्या माझ्यावरच उलटल्या. चार बुकं शिकली आणि शेफारली, म्हणाल्या. ही गोष्ट आप्पाकडनं उचगावाला पोचली. आई म्हणाली, "बामणाच्या बाईला रडवलंस व्हय गं? कुठं फेडशील?" मला माझीच लाज वाटली. खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. आता बोलायची जबाबदारी सुटली असं वाटलं.

तिथनं पुढं मी ते वाक्य म्हटलं न्हाय. गोड बोलून, हसत, "ताई, एवढं जरा पाणी घेताय का हो?" असं. घेतलं तर घेतलं. त्यांनी चिमटा नीट उकळला न्हाय तर मी मागनं गुपचूप उकळायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की सांगायची, "चांगलं चाललंय." शिकवणं म्हंजे भांडण टाळणं, असा माझा समज झाला. आणि उमाताई माझ्याशी लई गोड वागायला लागल्या. क्लासात आमची जोडी सगळ्यांत चांगली म्हणून नाव झालं!

आता काशीचं सांगते. सांगायलाच पायजे.

शहापुरात मल्लू विणकराची बायको, काशी. पहिलटकरीण. मला आक्का म्हणायची. सासू गंगव्वा — काळीसावळी, वाकलेली, सुनेवर जीव. तिला पोरगी न्हवती, ही सूनच पोरगी. दिवस भरत आले तेव्हा मी आणि उमाताई त्यांच्या घरी तयारी बघायला गेलतो. बाळंतपणाला जुनेराच्या चिंध्या लागतात, तुम्हाला माहीत असंल. त्या उकळून, उन्हात वाळवून, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवायच्या — मी गंगव्वाला सांगितलं. तिनं सूत उकळायचं मोठं तपेलं घासूनपुसून चुलीवर चढवलं आणि माझ्यासमोर चिंध्या उकळल्या. खळखळ उकळल्या. "बाई, आणि एक उकळी देऊ?" म्हणून विचारत होती. मी म्हटलं, पुरे गं, ह्यात कापूस शिजंल आता. सगळ्या हसल्या. वाळत घातल्या त्यासुद्धा रस्त्याकडं न्हाय, आत परसात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. हे ध्यानात ठेवा.

काशीच्या कळा सुरू झाल्याचा निरोप दुपारी आला. डॉक्टरीणबाई परगावी. उमाताईंना घरनं घेऊन मी निघाले. दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट, त्यात त्या मोठ्यानं बोलत होत्या. भावाच्या पाठीला गळू झालतं, फुटलं होतं. "सकाळी मीच पिळलं, पोटीस बदललं. काय तो वास, रखमा! दोनदा न्हाले तेव्हा कुठे जीव ठिकाणावर आला."

मला ऐकू आलं. मागांच्या आवाजात ऐकू आलं न्हाय असं म्हणता आलं असतं, पण आलं ऐकू. पूला हात लागलेला असंल तर बाळंतिणीकडं जायचंच न्हाय, हे आम्हाला घोकून घेतलेलं. उमाताईंना ते आठवत न्हवतं, का त्यांना खरंच वाटत होतं की दोनदा न्हाल्यावर आपण शुद्ध? मला वाटतं, त्यांना तसंच वाटत होतं. त्यांच्या हिशेबानं त्या दिवशी शहापुरात त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी न्हवतंच. चूक त्यांची न्हाय. ती चूक दिसावी म्हणूनच तर मला त्यांच्या शेजारी उभं केलतं!

मी मनाशी म्हटलं, आता वाटेत कुठं तोंड उघडू, तिथं गेल्यावर चांगले घासून हात धुवायला लावू.

खोलीत गेलो. काशीनं माझा दंड धरला, "आक्का, तू हायस न्हवं?" मी म्हटलं, हाय. मी हात धुतले. पुढचं बाळंतपण उमाताईंनी करायचं, मी बघायचं आणि चुकलं तर सांगायचं, असं ठरलेलं — ती त्यांची पाळी होती. मी त्यांच्यासाठी घमेल्यात कार्बोलिकचं पाणी ओतलं, ब्रश ठेवला. त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, झटकलं आणि पदराला पुसलं. गंगव्वा बघत होती. शेजारच्या दोन बायका बघत होत्या. मी घमेलं थोडं पुढं सरकवलं. "ताई... हे पाणी..." — असं काहीतरी म्हटलं. हसत म्हटलं. वर न बघता त्या म्हणाल्या, "झालेत गं माझे हात. न्हाऊनच आलेय मी."

आणि मी म्हटलं, "बरं."

तेच. तेच सांगायला एवढा वेळ लागला मला. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, शिकवलेलं, घोकलेलं, आणि मी "बरं" म्हटलं. कशाला? त्या परत रडतील म्हणून? बायका मला शेफारली म्हणतील म्हणून? काशीला कळा येत होत्या आणि मी उमाताईंचा मान सांभाळत बसले. छे — तेही खोटं. उमाताईंचा मान कसला! माझं चांगलं नाव सांभाळत बसले.

मूल कुठवर आलंय बघायला त्यांनी हात आत घातला. मी बघत होते.

दिवेलागणीला पोरगी झाली. गोरीपान, केसाळ. गंगव्वानं साखर वाटली. उमाताई विहिरीवर जाऊन डोक्यावरनं न्हाल्या, लुगडं पिळलं, परत न्हाल्या. मीही न्हाले.

मग काशीला थंडी वाजून ताप आला. पोट फुगलं, हात लावू देईना. डॉक्टरीणबाई परगावहून आल्या त्या तशाच तिच्याकडं आल्या. खोलीत पाऊल टाकलं आणि तिथला वास येताच त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हाच कळलं. काशी मला विचारायची, "आक्का, बरी हुईन न्हवं मी?" मी म्हणायची, हुशील की. बारशाच्या आधीच ती गेली. दूध भरून आलेलं होतं तिला.

बाहेर माग होता, त्याच्याजवळ आम्ही सगळे उभे. मल्लू, गंगव्वा, गल्लीतले चार लोक. उमाताई दाराशी. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, उमाताईंनी हात धुतले होते का, तुझ्यासमोर धुतले का? उमाताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या बोलल्या न्हायत.

मी डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांकडं बघितलं. आवाज चढवला न्हाय, रडवा केला न्हाय. म्हटलं, "होय बाई. माझ्यासमोर कार्बोलिकनं धुतले." आणि थांबले. अगदी त्यांनी शिकवलतं तसं! आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं ठाम बोलले. कुणाला खरं वाटणार न्हाय? हात धुतले न्हायत म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग तू काय करत होतीस? तो प्रश्न मी येऊ दिला न्हाय.

हात धुतले होते, मग घाण आली कुठनं? त्यांनी चिंध्या मागवल्या. उरलेल्या चिंध्या गंगव्वानं आणून दिल्या. डॉक्टरीणबाईंनी एक उलगडली, सुताच्या जुन्या रंगाचा डाग दिसला. त्या स्वतः रडत होत्या, रागानं रडत होत्या. "म्हातारे, ह्या उकळल्यास तू? ह्या तुझ्या चिंध्यांनी गेली गं पोर!" गंगव्वानं माझ्याकडं बघितलं.  माझ्याकडंच बघत राहिली. आता बाई बोलंल, आता बोलंल, असं.

मी बोलले न्हाय. मल्लू ऐकत होता.

उमाताईंनी पुढं क्लास सोडला. जायच्या आदल्या दिवशी मला गाठलं. मला वाटलं, उपकार मानतील. त्या म्हणाल्या, "रखमा, मी तुला खूप टाकून बोलले. पण त्या दिवशी तू बोलायला हवं होतंस गं. मी रडले असते, भांडले असते, पण धुतले असते हात." एवढंच. भावाच्या चुलीपाशी परत गेल्या त्या, आणि तिथंच संपल्या. मला शिव्या देऊन गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

मल्लूनं माग विकला आणि पोर घेऊन निपाणीला गेला. तंबाखूच्या वखारीत लागला, दुसरं लग्न केलं. आईला सांगितलं, माझ्या पोरीला तुझा हात लागू द्यायचा न्हाय. गंगव्वा त्या घरात एकटी राहिली. जिथं माग होता तिथं आता ती चूल मांडून बसायची.

आणि मी? मी क्लासात शिकवायला लागले. आता पुढचं ऐका, हे काशीपेक्षा वाईट हाय. नव्या पोरींना चिंध्या उकळायचं शिकवताना डॉक्टरीणबाई ती गोष्ट सांगायच्या — शहापुरातल्या एका सासूनं चिंध्या न उकळता वापरल्या आणि सून गेली. त्या निवर्तल्यावर ती गोष्ट मी सांगायला लागले. दर बॅचला. कुणी सांग म्हटलं न्हवतं. पोरी डोळे मोठे करून ऐकायच्या, एखादी रडायची. मला चांगली सांगता येत होती, जवळनं बघितलेली ना! त्या पोरी गुंजीकडं, खानापूरकडं, कुठं कुठं गेल्या आणि गोष्टही त्यांच्याबरोबर गेली.

गंगव्वा माझ्या दारात आलती एकदा. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. "बाई, उकळताना तुमी हुता की. मल्लूला तेवढं सांगा. तुमचं ऐकंल त्यो. नातीला एकदा मांडीवर घीन म्हनते." भांडायला आली न्हवती हो. मागायला आलती. मी म्हटलं, निपाणीला जाईन तेव्हा सांगते. ती लई खूश झाली, माझ्या पोटाला चांगलं मिळू दे म्हणाली. निपाणीला मी कितीदा गेले! मल्लूच्या गल्लीवरनं गेले. काही वर्षांनी ती परत आली. तेव्हा तिचं बोलणं बदललेलं. "बाई, माझंच चुकलं असंल. तुमी पुरे म्हटलासा, तरी मी आणि एक उकळी द्याला पायजे हुती." मी तिला चहा दिला. चहा दिला मी तिला! दुसरं काही दिलं न्हाय.

मग त्या पोरीचं, काशीच्या पोरीचं, बाळंतपण आलं. मल्लू स्वतः मला न्यायला आला. "रखमाबाई, तुमच्याच हातनं हुदे," म्हणाला. मी गेले. गंगव्वाला कुठनं कळलं कुणास ठाऊक, ती सर्व्हिस मोटारीनं मागनं आली. दारात उभी. हातात नव्या खणाची कुंची, तिनंच शिवलेली. पोरीला कळा येत होत्या, तशात मल्लूच्या तोंडचं "आई" ऐकून तिनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "तिला आत घेऊ नका! तिनं माझ्या आईला मारलं. बाई, तुमी हुता न्हवं तितं? सांगा की."

मल्लू माझ्याकडं बघत होता, पोरगी बघत होती, दारातनं म्हातारी बघत होती. अशी संधी माणसाला परत मिळते का? मला मिळालती. एक वाक्य बोलायचं होतं. "गंगव्वानं चिंध्या माझ्यासमोर उकळल्या होत्या." ह्याच्यात कठीण शब्द कुठला हाय?

मी क्लासातला आवाज लावला. म्हटलं, "बाळंतिणीच्या खोलीत गर्दी नको. गंगव्वा, तुम्ही बाहेर थांबा."

आवाज कापला न्हाय. आता मला तसं बोलायची सवय झालेली होती, कुठल्याही बाईला, मग ती वकिलीण असो, इनामदारीण असो, मी उभ्या उभ्या हात धुवायला लावत होते. बोलायला शिकले होते मी. शिकले ते असं वापरलं. गंगव्वानं कुंची उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरकली. मल्लूनं ती कुंची उचलून खुंटीला लावली, बाळाला घातली न्हाय. बाळंतपण चांगलं झालं. मी बाहेर आले तेव्हा म्हातारी गेलती.

तुम्ही म्हणाल, तू तेव्हा लहान होतीस. म्हणाल, बामणाच्या बाईपुढं कुणब्याची पोर काय बोलणार. नका म्हणू. काशी गेली तेव्हा मी लहान होते, गंगव्वा दारात आली तेव्हा न्हवते. मला तुमच्याकडनं काही नको. समजून घ्या असंही म्हणत न्हाय.

गंगव्वा यंदा गेली. गल्लीतल्यांनी निपाणीला माणूस धाडला, पण मल्लू आला न्हाय, नातही आली न्हाय. मी गेले. अंगणात तिला निजवलतं, बायका भोवती बसल्या होत्या. त्यात माझ्या क्लासातनं नुकतीच पास झालेली एक पोरगी होती. ती शेजारणीला हळूच ती गोष्ट सांगत होती, चिंध्यांची, न उकळलेल्या. सगळे शब्द माझे. कुठं थांबायचं तेही माझंच. शेजारणीला खरं वाटेना, म्हणून ती पोरगी माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "बाई, ती सासू हीच न्हवं?"

म्हातारीचं तोंड अजून झाकलेलं न्हवतं. मी म्हटलं, "व्हय. हीच."